चुकांची वही

यादव गुरुजी गेल्याची बातमी आम्हाला त्यांच्याच नंबरवरून कळली. परिपाठ नुकताच संपला होता. शिक्षकांच्या ग्रुपवर त्यांचं नाव दिसलं, आणि मला वाटलं, आजचं कोडं आलं. निवृत्त झाल्यावरही ते रोज एक कोडं टाकायचे. उघडलं तर एवढंच होतं... 'पप्पा पहाटे गेले.' खाली त्यांच्या मुलीचं नाव. कोडं सुटत नसल्यासारखी मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

म्हसवडजवळच्या वाडीवर आमची दोनशिक्षकी शाळा. चौदा वर्षं ते आणि मी. गुरुजींच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. प्रत्येक मुलाची एक चुकांची वही असे, तिच्यात तीन रकाने: काय केलं, काय झालं, परत कसं करायचं. चुकलेलं गणित ते कधी खोडू देत नसत. "चुकलं तर चुकलं रं, लपवतोस कशाला?" म्हणायचे. मला तेव्हा हा त्यांचा विक्षिप्तपणाच वाटायचा.

मग कोरोनात शाळांना कुलपं लागली आणि मोबाइलवरून शिकवा असा आदेश आला. वर्गात मी वाघीण, पण त्या काचेपुढे पार शेळी. शिवाय पलीकडे मुलांचे आईबाप, आजे बसणार, आपली फजिती बघणार. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून मी पर्समध्ये ठेवला होता, हे आज पहिल्यांदा सांगते आहे.

पहिला तास गुरुजींनी घेतला. अपूर्णांक. हातात भाकरी घेऊन तिचे चतकोर करत चाळीस मिनिटं जीव तोडून शिकवलं. सगळी मुलं चिडीचूप. गुरुजींना मध्येच अडवायचं नाही, हे वळण त्यांनीच लावलेलं! शेवटी एका पोरीचे आजोबा स्क्रीनमध्ये डोकावले आणि ओरडले, "आवं गुरुजी, त्वांड हलतंय, पर आवाज कुटं हाय?" माइक बंद होता. पोरं फिदीफिदी हसली. मी शेजारीच बसले होते, मलाही कळलं नव्हतं. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता माझ्याआधी हेच अर्ज देणार.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले ते कोरी वही घेऊन. तीन रकाने आखलेले. "बाई, बसा. आज शिकवायचं न्हाई, नुसतं चुकायचं." आणि अठ्ठावन्नाव्या वर्षाला टेकलेला तो माणूस दिवसभर मुद्दाम चुकत राहिला. लाल बटण दाबलं, वर्ग बंद झाला, परत चालू होतो. कॅमेरा उलटा केला, छत दिसलं, परत फिरवता येतो. मला शिक्षकांच्या ग्रुपमधून काढून टाकलं आणि शांतपणे लिहिलं: 'बाईंना काढलं. बाई रागावल्या. परत घेता येतं.' मी थक्क होऊन बघत होते. तीस वर्षं मुलांना जे सांगितलं, ते स्वतःच्या हातांनी करून बघणारा मास्तर मी दुसरा पाहिला नाही. संध्याकाळी मी अर्ज फाडला.

त्या वहीच्या झेरॉक्स लोणंदपासून कवठे महांकाळपर्यंत गेल्या. माझ्यासारखे कितीतरी भित्रे त्यांनी सरळ केले. आता मी नव्या शिक्षकांना शिकवते, आणि कुणी घाबरलं की आधी वही आखायला सांगते.

निवृत्तीच्या दिवशी गुरुजींनी मूळ वही माझ्या हातात ठेवली आणि ग्रुपची व्यवस्थाही माझ्याकडे सोपवली. "आता तुमी लय हुशार झालाय," म्हणाले. गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाई, पप्पांचा नंबर बंद करतोय. ग्रुपमधून तेवढा काढा."

बटण तेच होतं, गुरुजींनी मला काढताना दाबलेलं. माझं बोट मात्र तिथवर जाऊन माघारी यायचं. चार दिवस मी टाळलं. मग वही पुढ्यात घेतली, बटण दाबलं, आणि त्यांच्या शेवटच्या ओळीखाली माझ्या अक्षरात लिहिलं: 'गुरुजींना काढलं.' दुसऱ्या रकान्यात लिहिलं, 'खूप रडू आलं.'

तिसरा रकाना कोराच आहे.