जांभळाच्या बियांची पूड

गच्चीवर वाळणाऱ्या जांभळाच्या बियांचा तुरट वास आला, की खुलताबादचं ते जडीबुटीचं दुकान आठवतं. वडिलांना शुगर होती. बियांच्या पुडीनं गुण येतोय म्हणून त्यांनी गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. म्हाताऱ्या दुकानदारानं पूड तोलता तोलता विचारलं, "दवाखान्याची गोळी चालू हाय ना?" "व्हय," वडील म्हणाले. परक्यासमोर बापाला खोटं कसं पाडायचं, म्हणून मी मान खाली घातली. दुकानदारानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पूड परत बरणीत ओतली. "ही गोळीच्या जोडीला हाय, गोळीच्या जागी नाय. आधी गोळी सुरू करा, मग या." घरी आल्यावर वडिलांनी गोळी मागितली. आता मलाही शुगर आहे. मुलगी रोज विचारते, "गोळी घेतली?" मी व्हय म्हणतो, आणि ती आईच्या तोंडाकडं बघते.