सटवामामांचे सात आकडे

आकडे ऐकायचे असले की सटवामामा आधी टोपी काढून मांडीवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं, सोडा." मग समोरची विद्यार्थिनी सावकाश सात आकडे वाची आणि मामा ते त्याच क्रमाने परत देत. परभणीच्या आमच्या कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला ज्याला जोडीदार मिळाला नाही, त्याचे जोडीदार मामा. हुद्दा शिपायाचा. घंटा देणं, चहा करणं, प्रयोगशाळा झाडणं ही कामं. झरीहून रोज एसटीने येत. नामांतराच्या बंदमध्ये गाड्या थांबल्या की सायकल दामटत येत आणि कॉलेजलाही कुलूप पाहून तसेच परत जात.

त्या वेळी मी पीएच.डी.च्या नादात होतो. अल्पकालीन स्मृतीची दोन प्रतिमानं तपासायची होती. जुन्याचं म्हणणं, डोक्यात एक लहानशी पेटी असते. सातेक गोष्टी मावल्या की ती भरते. नव्याचं म्हणणं, ऐकलेलं धरणारा वेगळा, पाहिलेलं धरणारा वेगळा आणि दोघांवर लक्ष ठेवणारा तिसरा. हे वर्गाच्या गळी उतरवताना माझाच घसा बसायचा. एकदा वैतागून मामांनाच विचारलं, "मामा, तुमचे आकडे राहतात कुठे?"

"कानात ऱ्हातेत. कान येक गडी, डोळा येक गडी. दोघांला येगळं काम लावायचं. पर मुकादम येकच असतो बगा सर. त्यो शाबूत पायजे."

झालं! मी दोन वर्षं पुस्तकं उपसत होतो आणि मामांनी झाडू हातात धरून निकाल दिला होता.

मग मी त्यांच्यावरच प्रयोग लावला. आकडे ध्यानात ठेवायचे आणि त्याच वेळी पत्त्यांचे लाल-काळे ढीग करायचे. पहिल्या वर्षी मामांनी दोन्ही हसत केलं. वर "अजून येक काम सांगा की, पाय रिकामेच हायेत" असं ऐकवलं. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचा हात पत्ता धरून हवेतच थांबला. नुसते आकडे दिले तर सातही बरोबर. नुसते पत्ते दिले तर तेही बरोबर. दोन्ही एकदम दिलं की सगळं सांडायचं. "कायतरी गडबड व्हायलीय सर," ते ओशाळून म्हणाले.

मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. पेटी शाबूत असताना काम कोसळत होतं, म्हणजे पेटीचं प्रतिमान अपुरं! मी दर तीन महिन्यांनी त्यांना बसवू लागलो. आलेख सुरेख उतरत गेला.

इकडे स्टोव्हवर चहा करपू लागला. एकदा तासाची घंटा वीस मिनिटं आधीच झाली. प्राचार्यांनी मला बोलावून विचारलं, "सटवाजी घ्यायला लागला का हो?" मामांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, हे मला ठाऊक होतं. त्यांना काय होतंय हे दाखवणारे कागद माझ्या कपाटात होते. मी म्हणालो, "बघतो." खरं सांगितलं असतं तर त्यांना दवाखान्यात, रजेवर धाडलं असतं आणि माझ्या आणखी दोन चाचण्या राहिल्या असत्या. त्या झाल्या. नंतर मामांना दारुडा ठरवून घरी बसवलं, तेव्हाही मी गप्पच होतो.

औरंगाबादच्या चर्चासत्रात मामांवरच्या माझ्या निबंधाला टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "हे गृहस्थ आता कसे आहेत?" मी सांगितलं, "सुट्टीवर आहेत." त्या उत्तराने मला पुढे झोप लागू दिली नाही. शेवटी झरीला गेलो.

मामा ओसरीवर बाजेवर बसले होते. "या पाव्हणं," म्हणाले. मला ओळखलं नव्हतं. त्यांच्या पत्नी रुखमाबाई पाणी घेऊन आल्या.

"बरं झालं आलात सर. डॉक्टरनं इचारलंय, हे कवापासून सुरू झालं. मला नेमकं सांगता येईना. गेल्या पोळ्याला बैल धुवायला नेले अन् वढ्यातच सोडून आले, तवा माज्या ध्यानात आलं. तुमी तर रोज संगं होतात."

तारीख मला पाठ होती. मी म्हणालो, "तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीपासून."

त्यांनी तांब्या खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मी तो मुकाट घेतला असता. पण चेहऱ्यावर होतं ते शिकलेल्या माणसाबद्दलचं कौतुक. मामांच्या खांद्यावरची घोंगडी नीट करत त्या म्हणाल्या, "म्हंजी आमच्या लय आधी कळलं तुमाला. बरं झालं बाई, कुणाचं तरी ध्यान होतं ह्यांच्याकडं."