जांभळ्या दिव्याखालची हळद

माझ्या आईच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. चाकणजवळच्या आमच्या गावात एवढं सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नसे. पुढे मी रसायनशास्त्र शिकले तेव्हा कळलं की हे फूल म्हणजे एका विषाणूनं बुबुळावर केलेल्या जखमेचा वण. तापानंतर ओठावर फोड येतो ना, त्याच जातीचा विषाणू. परदेशात त्यावर डोळ्यात घालायचे थेंब निघालेले होते आणि आमच्याकडे ते मिळत नव्हते. मला राग आला. माझ्या संशोधनाची सुरुवात एवढीच आहे, त्यात कुणी थोर प्रेरणा वगैरे शोधत बसू नये.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी पिंपरीतल्या एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात लागले. मी विधवा होते. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं आणि वडिलांनी मला पुण्याला शिकायला धाडलं. पुढे वडील गेल्यावर आई माझ्याकडे क्वार्टरमध्ये राहायला आली. घरात दोघीही कपाळ मोकळं असलेल्या. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायच्या नाहीत, पण भाजी चिरून द्यायला मात्र आईला हक्कानं हाक मारायच्या.

विभागात मी एकटीच बाई. आमच्या प्रमुखांना सगळे साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण विषाणूवर औषध ही कल्पनाच त्यांना पटत नसे. "बाई, सर्दीवर औषध निघालंय का अजून? नाही ना? मग!" असं म्हणून ते विषय मिटवत. मी काही तो मिटू दिला नाही. माझं म्हणणं सोपं होतं. विषाणूला आपली पिल्लावळ वाढवायला ज्या विटा लागतात, त्यातली एक म्हणजे साखरेला जोडलेला एक छोटा रेणू. त्याला न्यूक्लिओसाइड म्हणतात. हुबेहूब तसाच दिसणारा, पण आयोडीन घुसवलेला रेणू आपण बनवला, तर विषाणू फसून तो आपल्या भिंतीत लावतो. कच्च्या विटेची भिंत जशी बसते तसा मग विषाणूचा कारभार बसतो. हे माझं डोकं नव्हतं, परदेशात सिद्ध झालेलं होतं. मला तो रेणू आमच्या पद्धतीनं, इथे मिळणाऱ्या मालातून बनवायचा होता. कुरकुरत का होईना, साहेबांनी परवानगी दिली.

साखर आणि रेणू जोडण्यात माझी काही वर्षं गेली. कधी चिकट काकवी निघायची, कधी काहीच निघायचं नाही. शेवटी एका पावसाळ्यात पांढरेशुभ्र स्फटिक हाती आले. ते शुद्ध आहेत की नाही हे काचेच्या पट्टीवर बघायचं. पट्टीवर पांढऱ्या पावडरीचा पातळ थर, खालच्या कडेला आपल्या पदार्थाचा ठिपका. पट्टी द्रावणात उभी केली की द्रावण वर चढतं आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या उंचीवर थांबतो. मग जांभळ्या दिव्याखाली धरायची. एकच ठिपका दिसला तर माल शुद्ध, दोन दिसले तर भेसळ. माझा एकच होता, काळा आणि ठसठशीत. घरी जाऊन मी आईला शिरा करून घातला.

मग खंडेनवमी आली. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी प्रत्येक कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची. लेथला झेंडूची माळ, बॉयलरला नारळ, आणि आमच्या प्रयोगशाळेत तराजूपासून चिमट्यापर्यंत प्रत्येक वस्तूला हळदकुंकू. ते लावायला साहेबांच्या पत्नी यायच्या, त्यांना आम्ही वहिनी म्हणत असू. त्या ताट घेऊन आत आल्या तेव्हा साहेब मला हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाहेर थांबता का? म्हणजे, समजून घ्या."

समजण्यासारखं त्यात काय होतं? तो तराजू रोज मी वापरायची, ते चमचे मी घासायची. तरी मी बाहेर व्हरांड्यात थांबले आणि आतला घंटेचा आवाज ऐकत राहिले. अंगाचा तिळपापड झाला होता.

दिवाळीनंतर बैठक ठरली. मुंबईहून मोठे साहेब येणार होते आणि कुठली कामं चालू ठेवायची, कुठली बंद करायची ते सांगणार होते. त्यांना दाखवायला मी नवा घाणा तयार केला, पट्टी चालवली आणि दिव्याखाली धरली. दोन ठिपके. माझा काळा खाली, आणि वर एक फिकट पिवळसर, चमकणारा. पुन्हा स्फटिक केले, पुन्हा तोच. बातमी साहेबांपर्यंत पोचली आणि त्यांचा चेहरा जवळजवळ खुलला. "मी म्हणत होतो," ते म्हणाले. काम बंद करायचं आणि मला गोळ्यांच्या तपासणीवर पाठवायचं, हे बैठकीआधीच ठरून गेलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी शेवटची पट्टी दिव्याखाली धरून बसले होते. धरणाऱ्या बोटांकडे लक्ष गेलं. माझी नखं चमकत होती. तोच फिकट पिवळा रंग, तंतोतंत. निघण्याआधी मी आईसाठी पिठलं केलं होतं.

मी उठले आणि तराजूकडे गेले. तराजूच्या कडेला खंडेनवमीची हळद अजून होती. खुंटीला टांगलेल्या माझ्या छोट्या चमच्यावरही, दांड्यापासून पार टोकापर्यंत. पूजेचं हळदकुंकू पुसायचं नाही, आपणहून जाऊ द्यायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे इतक्या दिवसांत कुणी ते पुसलं नव्हतं, मीही तो चमचा घासला नव्हता. आणि त्याच चमच्यानं मी माझे स्फटिक काढत होते.

बैठक साहेबांच्या खोलीत होती. मी पट्ट्या, दिवा आणि तो चमचा घेऊनच आत गेले. मोठ्या साहेबांनी फाइल बंद करायला घेतली होती.

"थांबा," मी म्हणाले. "पडदे ओढा."

मोठे साहेब चकित झाले, पण कुणीतरी पडदे ओढले. मी सगळ्यांसमोर चमचा स्पिरिटमध्ये बुडवला, त्या स्पिरिटचा एक ठिपका दिला, शेजारी कँटीनमधून आणलेल्या हळदीचा एक, आणि तिसरा माझ्या मालाचा. मग पट्टी द्रावणात उभी केली. दिव्याखाली तिन्हींचा पिवळा ठिपका एका रेषेत चमकला. मग सकाळीच पुन्हा स्फटिक करून, स्वच्छ चमच्यानं, कारखान्याच्या दुसऱ्या, पुसून घेतलेल्या तराजूवर घेतलेला माझा माल चालवला. एकच ठिपका, काळा.

"हळद तुमच्याच नखांतली असेल," साहेब म्हणाले. "बायकांचे हात."

"नखं माझी पावसाळ्यातही पिवळीच होती, साहेब. तेव्हाच्या पट्ट्या कपाटात आहेत, त्यांवर एकच ठिपका आहे. मी रोज स्वयंपाक करते. चमच्याला हळद मात्र खंडेनवमीला लागली."

"कुणी लावली?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"ज्यांना लावायचा मान होता त्यांनी," मी म्हणाले. "मी बाहेर उभी होते."

साहेब टेबलावरच्या पेनाशी खेळत राहिले. मोठ्या साहेबांनी फाइल पुन्हा उघडली आणि काम चालू राहिलं.

त्यातून थेंब बाहेर पडायला बरीच वर्षं गेली. ऐंशी साल उजाडलं तोवर परदेशात आणखी चांगलं औषध निघालं होतं आणि आपण उशीर केला असं सगळे म्हणू लागले. म्हणेनात का. ते चांगलं औषध चाकणच्या बाजारात कुठे मिळत होतं? आमचे थेंब मिळत होते. आईचा डोळा पुन्हा लाल झाला तेव्हा डॉक्टरांनी तेच लिहून दिले. फूल गेलं नाही, पण वाढलंही नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

पण त्या बैठकीनंतरची पहिली खंडेनवमी सांगायची राहिली. वहिनी ताट घेऊन आल्या आणि साहेब माझ्याकडे बघेनात. मी या वेळी बाहेर गेले नाही. माझ्या कामाच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"वहिनी, माझ्या तराजूला नको, चमच्यालाही नको," मी म्हणाले. "लावायचंच असेल तर मला लावा."

प्रयोगशाळेत सगळ्यांचे हात थांबले. वहिनींनी ताट टेबलावर ठेवलं. "तुम्हाला चालेल?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"मला चालेल. तुम्हाला चालतंय का ते बघा."

त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही. चिमूट भरली आणि माझ्या कपाळावर आधी हळद आणि मग कुंकू टेकवलं. कुंकू जरा वाकडंच लागलं. दिवसभर मी तसंच काम केलं.

संध्याकाळी दार आईनं उघडलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग जवळ येऊन चांगल्या डोळ्यानं नीट पाहिलं. आता ती रडेल किंवा ओरडेल म्हणून मी पदराचं टोक कपाळाकडे नेलं.

आईनं माझा हात धरला. "पुसू नगंस," ती म्हणाली. "पूजेचं हाय. आपणहून जाईल तवा जाईल."