यंत्राचं कुंकू

खंडेनवमीला पोह्यांच्या गिरणीत मालकीणबाईंनी आधी यंत्राला हळदकुंकू लावलं. मग आम्हा कामाच्या बायकांच्या रांगेकडे वळल्या. माझ्या अलीकडच्या बाईला लावलं. पलीकडच्या बाईला लावलं. मधली मी राहिले.

मला वाटलं, चुकून राहिलं असेल. मी कपाळ पुढं केलं. त्यांनी माझ्या उजव्या मनगटाकडे बघितलं.

"हातात बांगडी नाही तुझ्या. सणाच्या दिवशी अपशकुन नको मला."

माझा नवरा जिवंत होता. कामथडीला शेतावर रानडुकरांपासून भात राखत बसला होता. डाव्या हातात माझ्या हिरव्या बांगड्या होत्या. उजव्यात नव्हत्या, कारण तो हात ज्या यंत्राने खाल्ला त्यालाच बाईसाहेब कुंकू लावून आल्या होत्या.

भोरहून पाहुणे आले होते. कोट, काळ्या टोप्या, कचेरीतली माणसं. मुकादम माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "हात पदराखाली घे. पाहुणं बघत्यात."

मी घेतला. राग आला का? नाही. रडू? तेही नाही. हात बधिर झाला होता, तशी आतून मीही झाले होते.

हात कसा गेला ते सांगते. भिजवलेला भात तापल्या वाळूत भाजायचा आणि गरम असतानाच चाकाखाली सारायचा, म्हणजे त्याचा पोहा होतो. भात निवला की पोहा तुटतो आणि मुकादम आईबापाचा उद्धार करतो. म्हणून सगळी घाई. चाक उघडं होतं. त्याला झाकण नव्हतं. एक दिवस भात सारता सारता चाकाने बांगड्यांसकट हात आत ओढला. दोन बोटं तिथंच गेली. उरलेला हात यंत्र थांबेपर्यंत तापल्या भातात अडकून राहिला. कातडी सोलून निघाली. पुढं जखम भरली, पण हात असा आखडला की कासाराला बांगडी चढवता येईना.

त्या दिवशी मालक धावत आले होते. मला वाटलं, माझ्यासाठी. त्यांनी यंत्राखालची परात बघितली.

"पोह्यात काच गेली. सगळं बाहेर ओता."

पोहे उकिरड्यावर ओतले. बैलगाडी येईपर्यंत मलाही बाहेरच बसवलं, त्या ढिगाशेजारी.

बरी झाल्यावर मला झाडलोटीला ठेवलं. उपकार केले म्हणाले. मीही उपकारच समजले. खोटं कशाला सांगू?

तर खंडेनवमीची पूजा झाली. मालक पाहुण्यांना म्हणाले, "उद्या दसरा. मुहूर्ताची पहिली ओंजळ ही नवी बाई घालेल."

नवी बाई म्हणजे सोना. माझी धाकटी जाऊ. चाकावर माझ्या जागी तिला घेतलं होतं. मुकादमाने तिला चाकाशी उभं केलं. हात कुठून घालायचा ते तो दाखवू लागला. तिने हात पुढं केला. सणाच्या नव्या बांगड्या होत्या.

यंत्र बंद होतं. खंडेनवमीला त्याला विसावा असतो. तरी माझ्या नसलेल्या बोटांत कळ उठली. किती तरी दिवसांनी मला काही जाणवलं.

मी रांगेतून बाहेर आले. पदराखालचा हात काढला. चाकावरचं कुंकू उरलेल्या बोटाने पुसून घेतलं आणि माझ्या कपाळाला लावलं.

"अगं, पूजेचं कुंकू ते!" बाईसाहेब ओरडल्या.

"व्हय. ह्या चाकानं माजं रगत पिलं. त्याला कुंकू चालतं, तर मला बी चालतंय."

मालक पुढं आले. "हात सांभाळून काम केलं असतंस तर ही वेळ आली नसती."

"तुमी झाकान लावलं असतं, तरी बी आली नसती." मग मी जावेकडे वळले. "सोने, हात मागं घे. चाकाला झाकान बसत न्हाई तवर हितं हात घालायचा न्हाई."

ती घाबरली होती. "आक्का, काम जाईल."

"जाऊ दे. हात ऱ्हायला तर दुसरं मिळंल."

तिने हात मागं घेतला. मुकादम म्हणाला, "दोघी बी उद्यापासनं येऊ नका."

दसऱ्याला गिरणी सुरू झाली. पहिली ओंजळ दुसऱ्या कोणीतरी घातली. झाकण बसलं नव्हतं. सोना घरात चुलीपुढं बसली होती, तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

मी नसरापूरच्या वाटेवर गेले. बाया जिथून गिरणीकडे वळतात, तिथं उभी राहिले आणि येणारीच्या पुढं तो उजवा हात उघडा धरला. काही जणी तोंड फिरवून गेल्या. एकीने शिवी दिली, सणासुदीला असलं दाखवते म्हणून. मी हात खाली केला नाही. तिथंच ठरवलं. चाकाला झाकण बसेपर्यंत ह्या हातावर पदर येणार नाही.