बोटीच्या तळाशी साठलेला गॅस

गंगापूर धरणाच्या पाण्यावर आमची पत्र्याची बोट होती. भंगारात निघालेली ती बोट मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, घेतली, इंजिन बसवलं आणि पलीकडच्या वस्त्यांवरची माणसं ने-आण करायला लागले. रविवारी शहरातले लोक फिरायला यायचे. त्यांच्यासाठी मी बोटीतच, मागच्या बाजूला, चहा आणि कांदाभजी करायचे. दोन बर्नरची जुनी शेगडी आणि शेजारी छोटं सिलिंडर. मोबाईल यायच्या आधीची ही गोष्ट.

त्याआधी सगळा जन्म मी रॉकेलच्या स्टोव्हवर काढला होता. त्यामुळे गॅसची ज्योत पिवळी झाली, पातेल्याला काजळी धरली, की मी स्टोव्हची पिन घेऊन बर्नरची भोकं टोचायचे. महिनाभर जाणारं सिलिंडर वीस दिवसांत संपायला लागलं, तेव्हा मी सिलिंडर देणाऱ्याशी भांडले. तो शपथा घेत होता आणि मी त्याला खोटारडा म्हणत होते. खोटारडा नव्हता तो.

आणखी एक सवय होती. शेगडीची बटणं बंद केली की गॅस बंद झाला, असं मी धरून चालायचे. सिलिंडरवरचा रेग्युलेटर कायम चालू.

दसऱ्याला आम्ही बोटीची पूजा करायचो. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा, म्हणून इंजिनाला झेंडूची माळ, शेगडीला हळदीकुंकू. त्या वर्षी आदल्या दिवशी मी बोट धुतली, शेगडी घासली, रबराच्या नळीला खोबरेल लावून ती चकचकीत केली. दरवर्षीच करायचे. नळी दुमडून फळीच्या मागे सारली आणि सगळ्यावर ताडपत्री टाकली. दिवसभर आणि रात्रभर बोट झाकलेली राहिली.

माझी मुलगी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी आली होती. सातवा महिना. ती आल्यापासून म्हणत होती, की बोटीत वास येतो. मला डिझेलच्या वासापुढे दुसरा कुठला वास कळत नव्हता.

सकाळी मालकांनी ताडपत्री काढली. मुलीला उभं राहवेना म्हणून ती आत शेगडीजवळ, बोटीच्या तळावर अंथरलेल्या फळ्यांवर बसली. पलीकडे जायला एकच माणूस आला होता. नाशिक रोडला राहणारा, नोकरीतून सुटलेला फिटर. पाण्यापलीकडे त्याचा द्राक्षाचा तुकडा होता. तोही पूजा होईपर्यंत थांबला. नारळ फुटला. मालकांनी ताम्हनात कापूर ठेवला आणि काडेपेटी हातात घेतली.

"आई, वास येतोय गं. लय उग्र हाय," मुलगी म्हणाली.

"तुला परवा वरणाचा पण वास येत होता," मालक म्हणाले.

"गरोदर बाईचं नाक पोलिसांच्या कुत्र्यासारखं असतं," मी म्हणाले. "आरती होऊ दे, मग खाली उतर."

फिटर पुढे आला. गुडघ्यांवर बसला, दोन फळ्यांच्या फटीला नाक लावलं आणि उठला.

"दादा, काडेपेटी खिशात ठेवा."

"अहो, मुहूर्त जाईल."

"जाऊ द्या. पोरीला आधी खाली उतरवा. सावकाश. घाई करू नका."

तो ओरडला असता तर मी एवढी घाबरले नसते. मुलगी माझ्या खांद्याला धरून उठली. बोटीतून काठावर टाकलेल्या फळीवर एक पाऊल, मग दुसरं. तिचं पोट, तिचे सुजलेले पाय. बोटीतल्या फळ्यांखाली काय होतं ते मला अजून कळलेलं नव्हतं. फक्त ती काठावर पोचेपर्यंत मी श्वास घेतला नाही, एवढं आठवतं.

फिटरने रेग्युलेटर बंद केला. शेगडी आणि सिलिंडर उचलून लांब माळावर ठेवलं. मालक म्हणाले, "इंजिन लावतो, बोट वाऱ्यावर नेऊ म्हणजे जाईल सगळं."

"सेल मारू नका. ठिणगी उडेल," फिटर म्हणाला. "गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात दार उघडलं तर उंबऱ्यावरून तरी वाहून जातो. इथं कुठून जाणार? तळाला बसलाय तो."

मी बोटीकडे पाहिलं. बोटीला भोक नसतं म्हणून पाणी आत येत नाही. त्याच कारणाने गॅस बाहेर जात नव्हता. एवढी वर्षं मी त्या बोटीत बसून कांदे चिरले आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"मग काढायचा कसा?"

"पाणी काढता तसाच. उपसायचा. बादली प्लास्टिकची घ्या."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याने फळ्या उचलल्या, बादली तळाशी अलगद बुडवली, भरल्यासारखी वर आणली आणि बोटीच्या कडेबाहेर, वारा जात होता त्या बाजूला, उलटी केली. मग मीही सुरू केलं. बादली खाली, वर, बाहेर. आत काहीच दिसत नव्हतं. वजनही नव्हतं. पण तळाशी वाकलं की वास नाकात चढायचा आणि कंबर सरळ केली की नाहीसा व्हायचा. जणू पाण्यासारखीच त्याला पातळी होती, माझ्या गुडघ्याएवढी.

डोक्यावर झेंडूच्या पाट्या घेतलेल्या दोन बाया काठावरून चालल्या होत्या. एक थांबली.

"काय गं, कोरडी बोट उपसतीस? सणाच्या दिवशी घेतलीस काय?"

"काय उपसते ते मलाच दिसत नाय. तू जा," मी म्हणाले.

किती बादल्या टाकल्या कुणास ठाऊक. हात भरून आले. हळूहळू वास खाली खाली गेला, गुडघ्यावरून घोट्यापर्यंत, आणि मग तळाला नाक लावलं तरी गंज आणि चिखलच. फिटर म्हणाला, दुपारपर्यंत उघडी ठेवा, वारा खेळू द्या.

मग माळावर त्याने साबणाचा फेस करून नळीला फासला आणि रेग्युलेटर जरासा उघडला. जिथे मी नळी दुमडली होती तिथे बुडबुडे आले. बारीक, एकामागून एक, न थांबता. जे मला कधी दिसलं नव्हतं ते तिथे फुगून फुटत होतं. मी आणि मालक उकिडवे बसून बघत राहिलो.

"नळीला तेल कोणी लावलं?" त्याने विचारलं.

"मी. दर दसऱ्याला."

"तेलाने रबर कुजतं, वहिनी. रोज बोट उघडी असते, वारा लागतो, म्हणून वाचलात. काल झाकून ठेवलीत."

मालक माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्या खिशातल्या काडेपेटीकडे.

नवी नळी आणली. सिलिंडरला बोटीच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी चौकट करून घेतली, म्हणजे गळलाच तर पाण्यावर गळेल. चहा झाला की रेग्युलेटर बंद, हा नियम. मालकांनी कापूर लावला तो तिसऱ्या प्रहरी, काठावरच्या दगडावर, बोटीपासून वीस पावलांवर. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिला विचारलं, वास येतो का. ती म्हणाली, कापराचा येतो.

पुढे बोट होती तोवर शेगडी पेटवायच्या आधी मी रोज फळी उचलून पाच बादल्या उपसायचे. मुलगी आपल्या पोरीला घेऊन आली की हसायची. "आई, काही नाहीये त्यात."

"तेव्हा पण काही नव्हतं," मी म्हणायचे आणि पाचवी बादली ओतायचे.