डब्यामागची तर्री

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या मुलीच्या सासरी मला तर्रीचोर म्हणतात. आणि मी त्या दिवशी जे केलं, ते फक्त सगळ्यांच्या तब्येतीसाठी केलं होतं. हसू नका, आधी ऐका तर.

कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालो आणि महिनाभरात डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात ठेवला. रिकाम्या माणसाला ज्ञान फार लवकर चढतं. मोबाईलवर व्हिडिओ पाहून मी थेट स्वयंपाकघरात शिरलो. तेलाची पळी माळ्यावर टाकली आणि फोडणीला चमचा आणला. कांदा पाण्याचा हबका मारून परतायचा, भाजी झाकण ठेवून तिच्याच वाफेवर शिजवायची. माझी बायको शालू दोन आठवडे तसाच स्वयंपाक करत राहिली. तिसऱ्या आठवड्यात तिनं पळी गुपचूप खाली काढली.

त्याच आठवड्यात इवाई जेवायला येणार असल्याचा फोन आला. इवाई म्हणजे मुलीचे सासरे, उमरेडचे. लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे येणार, म्हणजे मटणाचा रस्सा आलाच, आणि रश्श्यावर बोटभर लाल तेलाची तर्री आली. पाहुण्याचा मान आपण त्या तर्रीवरूनच तर ठरवतो. शालूनं सकाळपासून खपून रस्सा केला आणि साडी बदलायला गेली.

मी रश्श्याच्या गंजाजवळ, म्हणजे पातेल्याजवळ गेलो. व्हिडिओत एक युक्ती पाहिली होती. भांडं शेगडीवर थोडं एका बाजूला सरकवायचं, म्हणजे अर्धं उकळत राहतं आणि तेल दुसऱ्या थंड बाजूला गोळा होतं. मग ते अलगद उचलायचं. खरंच गोळा झालं हो. मी वाटीभर तर्री काढली, पार काठोकाठ. मोरीत ओतली असती तर लाल डागांनी मला पकडून दिलं असतं. म्हणून वाटीवर ताटली झाकली आणि ती कणकेच्या डब्यामागे सरकवली.

पानं वाढली. इवाईंनी रश्श्यात भाकरी बुडवली आणि वाटीत निरखून पाहिलं.

"इहीणबाई, तर्री नाई दिसून राहिली."

शालूचा चेहरा उतरला. "अशी कशी नाई? म्या आताच पाह्यली होती."

"राहू द्या जी," इवाई हळूच म्हणाले. "डॉक्टरनं मलेबी तेल बंद केलं. म्हटलं, सूनबाईच्या माहेरी एक दिवस सूट घेऊ."

मला फार वाईट वाटलं. बिचाऱ्याचा सूट घ्यायचा एकमेव दिवस मी पळीनं काढून ठेवला होता. कबूल करावं म्हणून तोंड उघडलं, तर शालू आतून वाटी घेऊनच आली.

"हे कणकेच्या डब्यामागं काय आहे जी?"

"मीच काढली. तब्येतीसाठी."

"कोनाच्या तब्येतीसाठी? मले म्हणता तेल बंद, अन् साऱ्याइची तर्री सोतासाठी लपवून ठेवता?"

"अवं, मी ती फेकणार होतो."

"फेकणार होते, तं झाकून काहून ठेवली?"

मी घाईघाईनं भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला.

इवाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "नका रागावू त्याइले. मी घरी असाच लपवतो, फक्त तांदळाच्या डब्यामागं." मग शालूनं तर्री गरम करून त्यांच्या वाटीत ओतली. मला वाफवलेला दुधी वाढला.

दिवाळीत आम्ही उमरेडला गेलो. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर इवाईंनी माझ्या ताटाशेजारी एक वेगळी वाटी आणून ठेवली, ताटली झाकून. अख्खं घर माझ्याकडे पाहत होतं. मी ठामपणे म्हटलं की ही थट्टा पुरे, मी याला हातसुद्धा लावणार नाही.

जेवणानंतर मुलीनं ती वाटी उचलली, आत पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, ही वाटी घासायची गरजच नाई राहिली."