खवट सर आणि तिसऱ्यांची चरबी

सर कुणाच्याही घरी गेले की आधी फराळाचा वास घेत. चिवड्याची वाटी नाकाशी नेत, क्षणभर डोळे मिटत आणि यजमानीणबाईंच्या तोंडावर सांगत, "तेल खवट झालंय." कुणाला दुखवायची हौस नव्हती त्यांना. हे सांगणं म्हणजे उपकारच, असं त्यांना मनापासून वाटे. आमच्या नाशिकच्या कॉलेजात सगळे त्यांना खवट सरच म्हणत. मी त्यांच्या हाताखाली पीएचडीला लागले, तेव्हा घरी सांगतानाही माझ्या तोंडात तेच नाव आलं.

नाशकात समुद्र नाही, आणि सरांचा सगळा जीव तिसऱ्यांत. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या चिखलात सापडणारे, कालवणात घालायचे शिंपले. त्यांच्या मांसात चरबी ती केवढी, चिमूटभर. पण त्या चिमटीत काळजाला मानवणारी ओमेगा-३ सारखी आम्लं असतात, आणि ती ऋतूप्रमाणे कमीजास्त होतात. अंडी घालण्याआधी तिसरी भरते, नंतर रोडावते. खाडीवरच्या बायकांना हे हाताला कळतं, आम्हाला ते आकड्यांत मांडायचं होतं. गंमत म्हणजे सरांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. तिसरी त्यांनी जन्मात चाखली नव्हती. कुणी छेडलं तर म्हणत, "नाकाला विचारा आधी, मशीनला नंतर. जिभेचं काय काम?"

दर महिन्याला ते स्वतः एसटीने पालघरला जात आणि बर्फ घातलेला थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन परत येत. एकदा मी बरोबर होते. जव्हारच्या घाटात वासाने लोक कुरकुरायला लागले, कंडक्टर म्हणाला, मास्तर, हे टपावर टाका. सर म्हणाले, टपावर ऊन आहे, उन्हाने चरबी बिघडते. मग खोक्याचं वेगळं तिकीट काढून त्यांनी तो सावलीच्या बाजूला सीटवर बसवला आणि स्वतः नाशिकपर्यंत उभे राहिले. त्यांच्यासोबत मलाही उभं राहावं लागलं, हे वेगळं सांगायला नको.

त्यांचा दुसरा हट्ट शिसपेन्सिलीचा. नमुन्याच्या प्रत्येक पिशवीत चिठ्ठी जायची आणि ती पेन्सिलीनेच लिहायची. शाई ओलाव्याने पसरते, पेन्सिल पसरत नाही. मी पेननेच लिहायची. फ्रीझरमध्ये कसला आलाय ओलावा, असं मनातल्या मनात म्हणायची.

आमचा मखमलाबादला भाजीचा मळा. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. भाऊबंद चिडवत, ही म्हणे शिंपल्यांची डॉक्टरीण. पण वडील मार्केटला कोथिंबिरीच्या जुड्या उतरवताना परक्या माणसालाही सांगत, पोरगी प्रोफेसर होणार. त्याच कॉलेजात कायम जागा निघणार होती आणि तिला पीएचडी लागत होती. चार वर्षं मी त्या एका जागेसाठी वासात हात घालून बसले होते.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत शिपायाने दरवर्षीप्रमाणे इमारतीचा मेन स्विच पाडला. आदल्या दोन्ही दिवाळ्यांना सरांनी त्याला आठवण करून आमचा मजला चालू ठेवायला लावला होता. त्या वर्षी ते काम माझ्याकडे होतं आणि मी विसरले. सुट्टी संपवून आले तेव्हा वीज होती, फ्रीझर गार होता, बर्फही होता. फक्त नऊ पिशव्यांतल्या चिठ्ठ्यांवरची शाई निळी पसरली होती. सगळं वितळून पुन्हा गोठलंय, हे मला तिथल्या तिथे कळलं. मी दार लावून घेतलं, नऊ चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या, आणि या वेळी पेन्सिलीने.

त्या नमुन्यांत ओमेगा-३ एकदम कमी आलं. अंडी घातल्यावर तिसरी इतकी रोडावते, असा शोध आमच्या नावावर छापून आला. सरांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

प्रबंध बांधायला टाकायच्या आठवड्यात सरांनी उरलेल्या नमुन्यांतली एक पिशवी सहज उघडली. वास घेतला. मग बाकीच्या आठ काढून टेबलावर मांडल्या. ते चिठ्ठ्याच बघत होते. एरवी पेननेच लिहिणाऱ्या माझ्या या नऊ मात्र पेन्सिलीने लिहिलेल्या.

"वर्षा, दिवाळीत मेन बंद होता?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

मी मान डोलावली. त्यांनी पिशव्या पुन्हा आत ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी शोधनिबंध मागे घेतल्याचं पत्र धाडलं. पत्रात माझं नाव नव्हतं. "माझ्या देखरेखीत चूक झाली," एवढंच त्यांनी लिहिलं होतं. निवृत्तीला वर्ष उरलेल्या माणसाने सगळ्या अब्रूवर पाणी सोडलं. मला मात्र त्यात माझी गेलेली जागा तेवढी दिसली. ती दुसऱ्याला मिळाली. सर म्हणाले, दोन वर्षांचे नमुने पुन्हा घेऊ, मी आणतो. मी म्हणाले, "तुमचं पेन्शन सुरू होईल सर. माझ्या बापाने लोकांना काय सांगायचं?" हे बोलून जी निघाले ती पुन्हा गेले नाही.

सातपूरच्या एमआयडीसीत एका फरसाणवाल्याकडे तेल तपासायची नोकरी लागली. तिथे पोट भरतंय ते सरांनी शिकवलेल्या नाकावर, हेही मला डाचायचं. एकदा जुन्या सीबीएसच्या एसटी स्टँडवर ते दिसले. केस पांढरे झालेले, हातात तोच थर्माकोलचा खोका. त्यांनी मला पाहिलं असावं. मी स्कूटी वळवली.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. दहाव्याच्या दिवशी सरांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला, सरांनी तुझ्यासाठी काही ठेवलंय, येऊन घेऊन जा. माझा राग अजून उतरला नव्हता. येते म्हणाले आणि गेले नाही. महिन्याने काकूंचा पुन्हा फोन आला. मधल्या काळात मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला होता, आता कागदपत्रांसाठी दोन दिवस आल्या होत्या. तेव्हा गेले.

जिथे अंडं येत नसे त्या घराच्या हॉलमध्ये एक छोटा फ्रीझर होता. काकू कौतुकाने सांगत होत्या, दोन वर्षं दर महिन्याला जाऊन आणायचे, दिवाळीतसुद्धा गावाला जाऊ दिलं नाही, मेनला कुणी हात लावायचा नाही म्हणून. वर्षा येईल, तिचं काम अर्धं राहिलंय, एवढंच म्हणायचे.

मी दार उघडलं. चोवीस पिशव्या. प्रत्येकीत पेन्सिलीने लिहिलेला महिना आणि माझं नाव. आत गारवा होता, पण तळाशी पाण्याचा गोठलेला थर होता आणि वास असा आला की डोळ्यांत पाणी आलं.

काकू मागून म्हणाल्या, "पुण्याला जाताना पोराने मेन पाडला होता. काल लावला परत. गार आहे ना? तुला उपयोग होईल ना गं?"

"होईल, काकू," मी म्हणाले.

पिशव्या मळ्यात नेऊन कोथिंबिरीच्या वाफ्याशी पुरल्या. चिठ्ठ्या तेवढ्या काढून ठेवल्या आहेत. त्यांच्यावरचं एकही अक्षर पसरलेलं नाही.